आधी मंजुरी, मग मुलाखती : पीएच.डी. संशोधकांसाठी माहितीपत्रक

मुलाखतींचे शब्दांकन, प्रश्नावलीची मांडणी आणि आकडेवारीचे विश्लेषण ही आमची कामे. त्यात माणसांकडून गोळा केलेली माहिती असेल, तर काम हाती घेण्यापूर्वी आम्ही नैतिकता समितीचे, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांना त्रास होणार नाही ना हे आधी तपासणाऱ्या समितीचे, मंजुरीपत्र मागतो. काही ग्राहकांना हा नसता अडथळा वाटतो, म्हणून हा खुलासा.

‘गाइडनी हो म्हटलंय’ हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. गाइडचा होकार हवाच, शाळेने किंवा रुग्णालयाने आत येऊ दिल्याचे पत्रही हवे. पण त्यांपैकी कशानेही समितीच्या मंजुरीची जागा भरून निघत नाही. वैद्यकीय संशोधनासाठी १९६४ साली झालेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याचा आजचा मसुदा स्पष्ट सांगतो, की संशोधन सुरू होण्याआधी आराखडा समितीपुढे गेला पाहिजे. इतर विषयांतही आता हीच रीत आहे. मागच्या तारखेची मंजुरी समित्या सहसा देत नाहीत. ‘नुसता पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) होता’ ही सबबही चालत नाही, कारण पायलटमध्येही समोर माणूसच असतो.

एवढी काटेकोरी का? अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्यसेवेने ‘निरीक्षण’ चालवले. त्यावरचे औषध, पेनिसिलिन, हाताशी आल्यावरही त्यांना ते दिले नाही, आणि खरे काय चालले आहे हेही सांगितले नाही.

‘पण आम्ही कुठे कोणाला सुई टोचतोय?’ बरोबर, पण मुलाखतीतला धोका वेगळा असतो. नाव बदलले, तरी ‘जुळ्या मुलींची आई असलेली, संगीत शिकवणारी मुख्याध्यापिका’ एवढ्या वर्णनावरून अख्खी शाळा तिला ओळखते. मग तिने संचालकांविषयी जे सांगितले, तेही तिच्याच नावावर जमा होते. धोका अगदीच कमी असेल, तर बऱ्याच ठिकाणी अर्ज पूर्ण बैठकीऐवजी झटपट तपासणीने निघतो, काहींना सूटही मिळते. मात्र सूट आहे की नाही हे समितीने ठरवायचे, आपण नाही.

अर्ज परत येतो तो बहुधा संमतीपत्रकामुळे. ‘सदर संशोधनातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक स्वरूपाचा असून तो नाकारण्याचा अधिकार सहभागी व्यक्ती राखून ठेवते’ हे वाक्य कोणासाठी लिहिले आहे? त्याऐवजी असे लिहा : ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत काही फरक पडणार नाही. मधेच थांबावेसे वाटले तर थांबा, कारण सांगायची गरज नाही.’ सांगितलेली माहिती मागे घेता येईल का, कधीपर्यंत, तेही लिहा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाला त्याच्या भाषेत विचारायला हवे. स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर किंवा रुग्णांवर संशोधन करणाऱ्यांनी संमती तिऱ्हाइताकरवी घ्यावी. मार्क देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणे फार कठीण असते.

आता आमच्याशी थेट संबंधित मुद्दा. पुष्कळ पत्रकांत लिहिलेले असते, ‘तुमचे रेकॉर्डिंग फक्त संशोधक ऐकेल.’ मग तेच रेकॉर्डिंग शब्दांकनासाठी आमच्याकडे येते. म्हणजे दिलेला शब्द मोडला. शब्दांकन बाहेरून करून घ्यायचे असेल, तर ते अर्जातही लिहा आणि संमतीपत्रकातही. आमची गोपनीयतेची लेखी हमी अर्जाला जोडता येते, मागून घ्या. फाइलींना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी स्वतःकडेच ठेवा, आम्हाला पाठवू नका.

मंजुरीनंतर प्रश्न, सहभागी किंवा पद्धत बदलली, तर तो बदलही आधी समितीला कळवावा लागतो. समोरासमोरच्या मुलाखती ऑनलाइन घेणे हासुद्धा बदलच.

समितीच्या शंकांना उत्तरे आम्ही लिहून देत नाही. ती तुमची तुम्हालाच देता आली पाहिजेत. संमतीपत्रकाची भाषा मात्र आनंदाने सोपी करून देतो, पण ती समितीकडे जाण्यापूर्वी, नंतर नाही.

काम देताना मंजुरीपत्राची प्रत आणि संमतीपत्रकाचा कोरा नमुना आणा. पत्रावरची मुदत आधी पाहून घ्या. मुदत संपल्यानंतरच्या तारखेची मुलाखत आढळली, तर ती बाजूला ठेवून आम्ही प्रथम तुम्हाला फोन करतो.