ठिपके मोजू नका, चकाकी पाहा

ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) पाठीवर जितके ठिपके तितकं त्याचं वय, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. कोशातून नुकताच निघालेला भुंगेरा फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत रंग चढतो, ठिपके उमटतात आणि पुढे त्यांची संख्या बदलत नाही. जात ओळखायलाही ठिपके दर वेळी पुरत नाहीत. सात ठिपक्यांच्या जातीत प्रत्येक पंखकवचावर तीन आणि सातवा दोन्हींच्या सांध्यावर, इतका हिशेब सरळ असतो. पण हार्लेक्विन जातीत एक लाल आणि बिनठिपक्यांचा, तर दुसरा काळा आणि त्यावर दोनच लाल डाग, असंही दिसतं.

जगात सुमारे ६,००० जाती आहेत. बहुतेक मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण अशा झाडांचा रस शोषणाऱ्या किडी खातात. काही मात्र पानांवरची भुरी बुरशी चरतात. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या रोडोलिया या लहानशा ढालकिड्याने तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या.

घराण्यातले उपद्रवी म्हणजे एपिलॅक्ना भुंगेरे. अठ्ठावीस ठिपक्यांची जात वांगी-बटाट्याच्या पानांतला हिरवा भाग खरवडून फक्त शिरांची जाळी ठेवते. मित्र-शत्रू ओळखायला पाठ पाहावी. किडी खाणाऱ्या नेहमीच्या ढालकिड्यांची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते. एपिलॅक्नाची बारीक लव असल्याने मंद, तांबूस-तपकिरी दिसते. त्याच्या पिवळसर अळीवर फांद्या फुटलेले काटे असतात.

खरी गफलत अळ्यांच्या बाबतीत होते. सात ठिपक्यांच्या जातीची अळी काळपट, लांबट, नारिंगी डागांची, चपळ असते. मोठ्या भुंगेऱ्याशी तिचं काहीच साम्य नाही, म्हणून ती कीड समजून चिरडली जाते. वाढ पूर्ण होईपर्यंत हीच अळी शेकडो मावा फस्त करते. क्रिप्टोलीमस या पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी तर पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली, थेट पिठ्या ढेकणासारखी. काडीने हळूच डिवचावं: झपाझप चालू लागली तर अळी, पिठ्या ढेकूण फार सावकाश सरकतो.

पानामागे ढालकिड्याची उभी रचलेली पिवळी, लांबट अंडी दिसली तर फवारणी लांबवावी. अळ्या साधारण आठवड्याच्या आत बाहेर पडतात. मावा कमी पडला तर त्या एकमेकींची अंडीही खातात, त्यामुळे जिथे मावा नाही तिथे ढालकिडे आणून सोडण्यात अर्थ नाही. शिवाय माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना पळवून लावतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर आधी तिचा बंदोबस्त करावा.