अमेरिकी सॅक्सोफोन-रचना आणि वरच्या स्वरांचा वाद

अभिजात सॅक्सोफोनच्या मैफलीत केवळ अमेरिकी रचना वाजवायच्या ठरल्या, तर कार्यक्रमपत्रिकेत बहुधा क्रेस्टन, हाइडेन, मुचिन्स्की आणि ऑलब्राइट या संगीतकारांचे सोनाटा (इथे सॅक्सोफोन व पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना) असतात, आणि वाद्यवृंदाचा भाग पियानोवर घेऊन डाल यांचा कॉन्चेर्टोही (एकलवादक व वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवला जातो. यांतली एकही रचना १९३७च्या आधीची नाही. त्यापूर्वी अमेरिकी पैशातून या वाद्यासाठी जे गंभीर संगीत तयार झाले, त्यातले बरेचसे फ्रान्समध्ये लिहिले गेले. बोस्टनमधील एका संपन्न महिलेने विसाव्या शतकाच्या आरंभी देब्युसींसह अनेक फ्रेंच संगीतकारांकडून रचना मागवल्या. देब्युसींनी आपली रचना कच्च्या आराखड्यातच ठेवली, दुसऱ्या हाताने ती पूर्ण झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली प्रथम वाजली. विसाच्या दशकात नृत्यशाळा आणि नाट्यगृहांतून सॅक्सोफोनची लाट उसळली. तिने वाद्ये भरपूर खपली, पण सोनाटा मिळाले नाहीत.

खरी सुरुवात तिसाच्या दशकात झाली, आणि ती वादक व संगीतकार यांच्या थेट मैत्रीतून झाली. सेसिल लीसन यांनी १९३७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सॅक्सोफोनची स्वतंत्र मैफल केली. त्यांना पियानोची साथ करणारे पॉल क्रेस्टन यांनी १९३९ साली त्यांच्यासाठी सोनाटा लिहिला. तो साथीला बसणाऱ्या माणसाने लिहिलेला आहे, हे पियानोच्या भरगच्च भागावरून लगेच कळते. नवख्या साथीदाराची तिथे दमछाक होते. हाइडेन यांचा सोनाटा १९३७चा. ते मूळचे फ्रँकफुर्टचे, आणि १९३५ साली जर्मनी सोडून डेट्रॉइटला आलेले. डाल यांचा जन्म हॅम्बुर्गचा. ज्यांच्यासाठी डाल यांनी कॉन्चेर्टो लिहिला ते सिगुर्ड राशेर हेही जर्मनच होते. त्यांनी १९३३ साली देश सोडला आणि डेन्मार्क-स्वीडनमार्गे १९३९ साली अमेरिकेत येऊन बोस्टन व न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदांसोबत एकलवादन केले. आज ज्याला अमेरिकी भांडार म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा अशा स्थलांतरितांनी उभा केला आहे, आणि या गोष्टीचा उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही.

या भांडारातला सर्वात लांबलेला वाद वरच्या स्वरांचा आहे. नेहमीच्या बोटांनी ऑल्टो सॅक्सोफोन सुमारे अडीच सप्तके वाजतो. राशेर तो चार सप्तकांपर्यंत नेत. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात बोटांच्या युक्त्यांपेक्षा उपस्वरांच्या, म्हणजे मूळ स्वराच्या वर त्याच नळीतून निघणाऱ्या स्वरांच्या, सरावावर भर आहे. सर्वात खालच्या स्वराची बोटे तशीच दाबून ठेवायची, ओठ आवळायचे नाहीत, आणि केवळ घसा व तोंडाच्या पोकळीचा आकार बदलत त्याच नळीतून आधी वरच्या सप्तकातला तोच स्वर, मग त्यावरचा पंचम, मग त्याहून वरचा षड्ज काढायचा. स्वर आधी मनात ऐकू आला पाहिजे, ही त्यांची अट होती. माउथपीसची, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या भागाची, पोकळी मूळ नमुन्याप्रमाणे मोठी व गोल असावी, असाही त्यांचा आग्रह होता, कारण नृत्यसंगीताच्या मागणीमुळे उत्पादकांनी ती अरुंद करत आणली होती.

डाल यांनी १९४९ साली सुषिर वाद्यवृंदासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो या ताकदीवर बेतलेला होता. १९५३ साली त्यांनी तो कापला, वाद्यवृंद आटोपशीर केला आणि वरच्या सप्तकातला बराच मजकूर खाली आणला. त्यामुळे तो इतर वादकांच्या आवाक्यात आला, गाजला, आणि हीच सुधारित संहिता रूढ झाली. संगीतकाराने स्वतः केलेला बदल अंतिम मानावा, हा युक्तिवाद सरळ वाटतो. पण ज्या काळात एक-दोन वादकांखेरीज कोणाला ते स्वर निघत नव्हते त्या काळाची ती तडजोड होती, हेही विसरता येत नाही. मूळ संहिता पुन्हा वाजू लागल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. सुधारित रूप अधिक घट्ट आहे, यात शंका नाही. तरीही मूळ रूप केवळ अभ्यासकांच्या कपाटात राहावे, हे पटणारे नाही.

दरम्यान या वाद्याच्या क्षेत्रातली सत्ता विद्यापीठांकडे गेली. १९५३ साली मिशिगन विद्यापीठात या वाद्यासाठी पूर्णवेळ अध्यापक नेमला गेला. १९५८ साली पॅरिसच्या परंपरेतील अग्रणी वादकाने बोस्टनच्या वाद्यवृंदासोबत अमेरिकेचा दौरा केला, आणि अनेक विद्यार्थ्यांचे कान त्या हलक्या, कंपयुक्त फ्रेंच आवाजाकडे वळले. राशेर यांचे शिष्य आपल्या मोठ्या पोकळीच्या माउथपीसला धरून राहिले. दोन गटांत बराच काळ अबोला होता.

ऑलब्राइट यांचा १९८४चा सोनाटा येईपर्यंत ही फूट निरर्थक होऊ लागली होती. त्याचा दुसरा भाग एका दिवंगत संगीतकार मित्रासाठीचा विलाप आहे, आणि शेवटच्या भागातल्या नृत्यात जॅझ उघडपणे शिरतो. पुढे मास्लांका यांचा १९८८चा सोनाटा आणि जॉन ॲडम्स यांचा २०१३चा कॉन्चेर्टो यांनी वादकाकडून फ्रेंच सफाई आणि राशेर यांचे वरचे सप्तक, दोन्हींची अपेक्षा ठेवली. डाल यांनी १९५३ साली जे स्वर खाली आणले, ते काढण्याची तयारी आज संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतली जाते.