वीज जाते त्या घरातलं लिनक्स

गुहागरात पावसाळ्यात वीज गेली की कधी येणार, हे कुणी विचारत नाही. अशा घरात आबाकाकांचा कॉम्प्युटर दहा-बारा वर्षं सुपारीच्या हिशेबाला बसलाय. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या यंत्रात नाही. "चालतोय ना? मग टाकायचा कशाला?" काकांचं म्हणणं रास्त होतं.

मग विंडोजच्या जागी लिनक्स, तीही कॉम्प्युटर चालवणारी प्रणालीच. पण कुठलं? १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिहायला घेतला तो नुसता कर्नल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याकडून काम करून घेणारा गाभा. त्याभोवती बाकीचा संसार मांडून वेगवेगळ्या मंडळींनी 'डिस्ट्रो' केल्या. १९९३ची डेबियन, तिच्यावर उभी २००४ची उबुंटू, आणि उबुंटूवरून २००६ साली मिंट. गाभा सगळ्यांचा तोच, त्यामुळे जुन्या यंत्राला फरक पडतो तो मुख्यतः डेस्कटॉपने, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंच्या मांडणीने. एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका, म्हणून मी 'मिंट एक्सएफसीई' निवडलं. ब्राउझर मात्र कुठेही तितकीच मेमरी खातो, त्याला इलाज नाही.

काकांची खरी धास्ती विजेची. फाइल लिहिताना डिस्कवर एकाच वेळी अनेक नोंदी बदलतात: जागा कुणाला दिली, फाइल कुठे सुरू होते वगैरे. मध्येच वीज गेली तर अर्ध्या नोंदी नव्या, अर्ध्या जुन्या. मिंट नेहमी वापरते ती ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था हे बदल आधी 'जर्नल'मध्ये टिपते, मग जागेवर नेते. दुकानदार आधी कच्च्या वहीत लिहून मग खतावणी करतो, तसंच. वीज आली की कॉम्प्युटर कच्ची वही वाचतो. पूर्ण नोंद असेल ती खतावतो, अर्धवट असेल ती सोडून देतो. डिस्कची घडी विस्कटत नाही. सेव्ह न केलेला हिशेब मात्र गेलाच, तेव्हा इन्व्हर्टर असलेला बरा.

मिंट उतरवून घ्यायलाही इथल्या नेटवर एक रात्र गेली. एवढी मोठी फाइल खराब उतरली असेल तर कळायचं कसं? सोबत तिचा 'चेकसम' मिळतो. तो म्हणजे पूर्ण फाइलवरून गणिताने काढलेला आकडा. फाइलीत एक बिट, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य, बदललं तरी आकडा पार वेगळा येतो. उतरवलेल्या फाइलीवरून आम्ही तो काढून ताडला. जुळला.

पेन ड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालवून पाहिलं. यात डिस्कला हात न लावता मिंट चालते. आवाज आला, मराठी नीट उमटलं, वायफायचा मात्र पत्ता नव्हता. फोन यूएसबीने जोडून नेट घेतलं, वायफायचा भाग चालवणारा ड्रायव्हर बसवला, मग वायफाय लागलं. जुन्या फायलींची प्रत काढून ठेवली आणि मगच डिस्कवर मिंट चढवली.

हिशेब लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेलसारखी कामं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडला. काकांनी बेरीज बोटांवर ताडून पाहिली आणि विचारलं, "प्रिंटर लागेल ना रे?"

लागला.