काचेच्या मापाने ठरणारी टीव्हीची किंमत

२०२५ च्या गणेश चवथीला जेमतेम आठवडा उरला असताना फोंड्याच्या आमच्या घरातील ४३ इंची टीव्हीचे चित्र अचानक गेले. आवाज मात्र चालूच होता. बोलावलेल्या कारागिराने खोलीतला दिवा मालवला आणि पडद्याला जवळजवळ टेकवून टॉर्च धरला. त्या गोल उजेडात बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा, अगदी पुसट पण हलणारा, स्पष्ट ओळखू आला. "पॅनल शाबूत आहे, भाई. नुसत्या पट्ट्या गेल्यात," तो म्हणाला. टीव्हीच्या बाजारात गेल्या काही वर्षांत जे घडले, त्याची किल्ली या एका वाक्यात आहे.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. दोन पातळ काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) थर असतो. हा पदार्थ ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक रायनिट्झर यांच्या नजरेस १८८८ मध्ये प्रथम आला. विजेचा दाब बदलला की त्याचे रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश कमी-अधिक अडवला जातो, म्हणजे प्रत्येक ठिपका ही एक खिडकी असते आणि उजेड मागच्या एलईडी पट्ट्यांचा असतो. या पट्ट्यांवरील दिवे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एक दिवा जळाला तरी बहुधा सगळी ओळ अंधारते. पट्ट्या स्वस्त असतात, काच महाग असते. या मागच्या पट्ट्या (बॅकलाइट) न लावलेल्या काचेच्या पडद्याला, म्हणजे पॅनलला, धंद्यात 'ओपन सेल' म्हणतात आणि टीव्हीच्या उत्पादनखर्चातील सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. भारतात टीव्ही जोडले जातात, पण ओपन सेल बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतो. त्यामुळे मडगावच्या दुकानातील किमतीवर डॉलरचा भाव आणि चीनमधील कारखान्यांची गती यांचा थेट परिणाम होतो.

या कारखान्यांचे गणित शिंप्याच्या गणितासारखे आहे. शिंपी जसे ताग्यातून कापड बेततो, तसे पॅनल एका प्रचंड काचेतून बेतले जातात. या धंद्यात काचेच्या मापावरून पिढ्या मोजतात. साडेआठव्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी काच २२०० × २५०० मिलिमीटरची असते आणि तिच्यातून ५५ इंची सहा पॅनल निघतात, तेव्हा नऊ टक्क्यांच्या आसपासच काच वाया जाते. याच काचेतून ६५ इंची पॅनल काढायचे म्हटले तर तीनच बसतात आणि उरलेली पट्टी लहान पॅनलांसाठी वापरावी लागते. म्हणून चीनच्या बीओई या कंपनीने हफेई शहरात २०१८ च्या सुमारास साडेदहाव्या पिढीचा कारखाना सुरू केला. त्याची काच २९४० × ३३७० मिलिमीटरची आहे. तिच्यातून ६५ इंची आठ किंवा ७५ इंची सहा पॅनल निघतात आणि सुमारे ९४ टक्के काच कामी येते. मोठे टीव्ही स्वस्त होण्याचे एक मोठे कारण हे बेतणे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची, खोलीएवढी काच न तडकता शेकडो प्रक्रियांमधून पार पडते, हे मला आजही विलक्षण वाटते.

असा कारखाना उभा करायला अब्जावधी डॉलर लागतात आणि तो बंद ठेवला तरी कर्ज आणि घसारा चालूच राहतात. त्यामुळे मागणी घटली तरी उत्पादन लगेच घटत नाही, भाव मात्र घटतात. २०२० मध्ये टाळेबंदीने जगभर लोकांना घरी बसवले आणि पडद्यांची मागणी उसळली. २०२१ च्या मध्यावर ५५ इंची पॅनल २०० डॉलरच्या वर गेला होता, तोच २०२२ च्या अखेरीस १०० डॉलरच्या खाली आला. सॅमसंगच्या पॅनल कंपनीने त्याच वर्षी एलसीडी उत्पादन थांबवले. जपानमधील साकाय येथील शार्पचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची काच जगातील सर्वांत मोठी होती. २०२४ मध्ये तिथले टीव्ही पॅनल बंद झाले. उरलेले चिनी उत्पादक आता मागणी पाहून कारखान्यांची गती कमी करतात, त्यामुळे पूर्वीसारखे भाव कोसळत नाहीत.

जगात वर्षाला साधारण २० कोटी टीव्ही विकले जातात आणि हा आकडा बरीच वर्षे फारसा वाढलेला नाही. मग एवढी काच जाते कुठे? इंच कर्णावर मोजतात, पण काच क्षेत्रफळाने लागते आणि क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२ इंचीच्या जागी ५५ इंची टीव्ही आला की जवळजवळ तिप्पट काच लागते. सरासरी आकार ५० वरून ५१ इंच झाला, तरी एकही जास्तीचा टीव्ही न विकता चार टक्के अधिक काच खपते. मंदीच्या काळातही दुकानातले पडदे मोठेच होत जातात ते यामुळे.

ग्राहकाची बाजू वेगळी असते. डिचोली-साखळीच्या भागात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि नवी खरेदी लांबली, हे आम्ही पाहिलेले आहे. टीव्ही काही तांदूळ नव्हे. तो वर्षभर पुढे ढकलता येतो. २०२५ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कपातीची घोषणा केल्यावर तर अनेकांनी थांबणेच पसंत केले. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील कर २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पण तोवर चवथ होऊन गेली होती. वर्ष सरता सरता टीव्हीत लागणाऱ्या मेमरी चिप महागल्या आणि त्या सवलतीचा काही भाग कुरतडला जाऊ लागला.

ओलेड पडद्याला बॅकलाइट लागत नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्याचे सेंद्रिय थर ओलाव्याने बिघडतात म्हणून ते कारखान्यातच हवाबंद केलेले असतात. आपल्या पावसाळ्याची धास्ती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण त्याची काच-प्रक्रिया अजून महाग आहे. म्हणून हात आखडता असताना मिनी एलईडीचे फावले. त्यात पॅनल एलसीडीचाच असतो, फक्त मागे शेकडो-हजारो बारीक दिवे गटागटाने मंद-प्रखर होतात. चीनने २०२४ पासून जुना टीव्ही देऊन नवा घेणाऱ्यांना अनुदान दिल्यानेही या प्रकाराला बळ मिळाले.

आमच्या टीव्हीला कारागिराने नव्या पट्ट्या बसवल्या आणि सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट १०० वरून ६० वर आणला. प्रवाह कमी झाला की एलईडी कमी तापतात आणि जास्त टिकतात. दिवसा खिडकीचा पडदा ओढावा लागतो, रात्री फरक कळतही नाही.