१.२१ गिगावॅट, पण किती वेळ?

रॉबर्ट झेमेकिसचा ‘बॅक टू द फ्यूचर’ जुलै १९८५मध्ये पडद्यावर आला. त्यात डॉक ब्राउन हा विक्षिप्त शास्त्रज्ञ डीलोरियन मोटारीचं कालयंत्र बनवतो आणि मार्टी हा तरुण त्यातून १९५५मध्ये जाऊन अडकतो. परतायला प्लुटोनियम नाही, म्हणून घड्याळाच्या मनोऱ्यावर कोसळणारी वीज तारेने गाडीत घ्यायची, असा डॉकचा बेत. त्यातली कालप्रवासाची सगळी मदार दोन आकड्यांवर आहे: गाडीचा वेग ताशी ८८ मैल (सुमारे १४२ किलोमीटर) आणि शक्ती १.२१ गिगावॅट. वेगाचा आकडा निव्वळ पटकथेच्या सोयीचा. विजेचा आकडा मात्र वाटतो तेवढा हवेतला नाही. डॉक ब्राउनचं घोडं अडतं ते दुसरीकडेच.

वॅट हे शक्तीचं माप. वीजबिलावरचं युनिट ऊर्जेचं. १.२१ गिगावॅट म्हणजे १,२१० मेगावॅट. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे, त्यावरून अंदाज यावा. पण एवढी शक्ती किती वेळ पुरवायची, हे डॉक कुठेच सांगत नाही. एक सेकंद म्हटलं तर ३३६ युनिटं लागतील.

आता आकाशातली वीज. जमिनीवर कोसळणाऱ्या विजेच्या मुख्य झोतात प्रवाह साधारण ३०,००० अँपिअरपर्यंत चढतो. गाडीतल्या ‘फ्लक्स कपॅसिटर’चा, म्हणजे कालप्रवास घडवणाऱ्या काल्पनिक यंत्राचा, रोध १.३४ ओहम धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केलं की उत्तर येतं १.२१ गिगावॅट, आणि यंत्राच्या दोन टोकांमध्ये सुमारे ४० हजार व्होल्ट. म्हणजे आकडा बसतो, अगदी चपखल बसतो. फक्त हा झोत शंभराहून कमी मायक्रोसेकंदांतच (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) निम्म्यावर येतो. ५० मायक्रोसेकंद पूर्ण जोर टिकला असं उदार मनाने धरलं तरी हाती येतात ६० हजार ज्यूल. त्यावर १० वॅटचा एलईडी दिवा जेमतेम १०० मिनिटं चालेल. सुमारे १,२३० किलोची डीलोरियन त्या वेगाला पोचली की तिची गतिज ऊर्जाच साडेनऊ लाख ज्यूल असते. थोडक्यात, आकाशातल्या विजेपेक्षा पेट्रोलनेच पंधरा पट जास्त काम केलेलं असतं.

खरी पंचाईत गाडी आणि वीज यांची नेमक्या क्षणी गाठ घालण्याची. वीज पडून मनोऱ्यावरचं घड्याळ १२ नोव्हेंबर १९५५ला रात्री १० वाजून ४ मिनिटांनी बंद पडलं, एवढीच माहिती मार्टीच्या खिशातल्या पत्रकावर आहे. त्या वेगाने गाडी एका मिनिटात २.३६ किलोमीटर जाते, एका सेकंदात ३९ मीटर आणि वीज जोरात असतानाच्या ५० मायक्रोसेकंदांत फक्त २ मिलिमीटर. गाडीवरचा धातूचा हूक रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारेला १० सेंटीमीटर घासत गेला असं समजू. संपर्क टिकेल अडीच मिलिसेकंद. एका मिनिटात असे सुमारे २४ हजार तुकडे पडतात आणि त्यातला नेमका एक साधायचा आहे. एका विजेत बहुधा तीन-चार झोत असतात, त्यामुळे संधी किंचित वाढते, पण तेवढ्यावर जीव टांगणं हा डॉकचाच स्वभाव.

तार आडवी न लावता लोकलच्या ओव्हरहेड वायरसारखी रस्त्याच्या लांबीने टाकली तर? मिनिटभराची अनिश्चितता गिळायला २.३६ किलोमीटर तार लागेल. इथे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला होणारा तारेचा विरोध, आडवा येतो. सरळ तारेचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतो आणि विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने सहज चढतो. म्हणजे तारेच्या प्रत्येक मीटरवर १० हजार व्होल्ट. ३० मीटरलाच ३ लाख व्होल्ट होतात. अर्ध्या मीटर हवेतून ठिणगी उडायला तेवढे पुरतात. किलोमीटरभर लांब तारेतून वीज मुकाट्याने गाडीकडे जाईल, ही आशा सोडावी.

सिनेमातली आखूड तारही नीट बसवलेली नाही. ती दिव्याच्या खांबांना बांधलेली आहे. खांब लोखंडी, जमिनीत रोवलेले. गाडी मात्र रबरी टायरांवर. वीज गाडीत शिरून, टायरजवळची हवा फोडून जमीन गाठण्यापेक्षा खांबावरूनच खाली उतरेल. हे टाळायचं तर तार लांब इन्सुलेटरवर टांगायची, गाडीच्या चासीपासून (धातूच्या सांगाड्यापासून) जाड तांब्याची वेणी रस्त्यावर घासत ठेवायची आणि तिच्याखाली अर्थिंग केलेली तांब्याची पट्टी अंथरायची. तार जळण्याची भीती त्यामानाने कमी: १६ चौरस मिलिमीटर तांबं सर्वसाधारण वीज सहज सोसतं. पण सिनेमात डॉक करतो तशी तारेच्या प्लगची दोन टोकं हातात धरून जोडणारा माणूस ती सोसत नाही. डॉक वाचतो, कारण सिनेमा विनोदी आहे. शिवाय टेबलावरच्या चाचणीत खेळण्यातली गाडी पेटली, तरी योजना तशीच पुढे रेटणाऱ्याला सुरक्षेचं काय सांगणार!

गाडीचं मूळ इंधन प्लुटोनियम. तो मार्ग कागदावर जास्त सोपा दिसतो. एक ग्रॅम प्लुटोनियमचं पूर्ण विखंडन झालं तर सुमारे ८० अब्ज ज्यूल उष्णता मिळते. वीजकेंद्राची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर एका सेकंदासाठी ४५ मिलिग्रॅम भागतं. पण मग उरलेली दोन तृतीयांश, म्हणजे २.४ अब्ज ज्यूल उष्णता टाकायची कुठे? खऱ्या केंद्रात त्यासाठी समुद्राचं पाणी किंवा शीतकरण मनोरे लागतात. इथे गाडीच्या मागे दोन झरोके आहेत. तेवढी उष्णता गाडीतच राहिली तर नुसत्या हिशेबाने तापमान साडेतीन हजार अंशांच्याही वर जातं, आणि स्टील दीड हजाराच्या आतच वितळतं. पडद्यावर मात्र पहिल्या चाचणीतून गाडी परतते ती अंगावर बर्फ घेऊन.

त्या चाचणीत आइन्स्टाइन नावाचा कुत्रा एक मिनिट पुढच्या काळात जातो आणि त्याच्या गळ्यातलं घड्याळ मिनिटभर मागे राहतं. हे पुढे जाणं भौतिकशास्त्राला चालतं, कारण वेगात असलेलं घड्याळ संथ चालतं. १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक सीझियम घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. ताशी ८८ मैलांनी धावणाऱ्या गाडीत हा फरक तासाला ३१ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) पडतो, तोही गुरुत्वाकर्षणाचा भाग सोडून. पूर्ण मिनिटाचा फरक पडायला त्या कुत्र्याला न थांबता सुमारे २२ कोटी वर्षं गाडीत बसून राहावं लागेल.