थोडं विसरल्याशिवाय पाठ होत नाही

दिवाळीत भाची आली होती. नीटची तयारी चालू आहे. तिचं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक सहज उघडलं, तर पानं रंगपंचमी खेळून आलेली. पिवळा, हिरवा, गुलाबी, आणि फारच महत्त्वाचं असेल तिथे नारिंगी. "मामा, हा धडा तीनदा वाचून झालाय," ती म्हणाली. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मूत्रपिंडात रक्त नेमकं गाळलं कुठे जातं?"

"अरे, ते डाव्या पानावर आहे. वरती. गुलाबीत."

पान आठवत होतं, रंगही आठवत होता. ग्लोमेरुलस तेवढा आठवत नव्हता.

यात तिची काही चूक नाही. अभ्यास कसा करायचा हे आपल्याकडे कुणीच शिकवत नाही. 'नीट अभ्यास कर' एवढंच सांगतात. आणि तो 'नीट' म्हणजे कसा, यावर मानसशास्त्रात सव्वाशे-दीडशे वर्षं काम झालेलं आहे. गंमत म्हणजे त्यातलं जे सगळ्यात पक्कं आहे ते फुकट आहे. विकायला येतं ते वेगळंच. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली होती: बोटांच्या ठशांवरून ओळखा, तुमचं मूल 'बघून शिकणारं' की 'ऐकून शिकणारं'! बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात चार-साडेचार महिन्यांचं होईपर्यंत पक्क्या होतात. मूल पुढे ऐकून शिकेल की बघून, हे त्यांत लिहिलेलं नसतं. शिवाय मुळात अशा जाती पाडून त्याप्रमाणे शिकवलं तर मुलं जास्त शिकतात, यालाच धड पुरावा नाही. २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे अभ्यास चाळून हेच लिहिलं होतं. तरी हस्तरेषावाल्याला हसणारे आईबाप इथे पैसे मोजतात, कारण इथे अहवाल रंगीत छापून मिळतो.

असो. आता मला ज्याबद्दल लिहायचं आहे तिकडे येतो.

हेर्मान एबिंगहाउस नावाचा एक जर्मन गृहस्थ होता. स्मृती मोजायची तर आधीच ओळखीचे शब्द नकोत, म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या ठोक्यावर म्हणायच्या, पाठ झाल्या की थांबायचं, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची. दुसऱ्या खेपेला वेळ किती वाचला, ते त्याचं माप. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. १८८५ साली त्याने हे पुस्तकरूपाने छापलं. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरणं सुरुवातीला धबधब्यासारखं आणि मग झिरपल्यासारखं. (यावरूनच 'आपण २४ तासांत ७० टक्के विसरतो' असे फॉरवर्ड फिरतात. ते 'निरर्थक अक्षरं' आणि 'वाचलेले श्रम' हे दोन्ही गाळून टाकतात. शिवाजी महाराजांची गोष्ट कुणी एका दिवसात ७० टक्के विसरत नाही.)

पण त्याच पुस्तकातली दुसरी एक नोंद मला जास्त आवडते. बारा अक्षरगटांची यादी त्याने एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा घोकली. दुसऱ्या दिवशी ती बिनचूक यायला आणखी ७ वेळा म्हणावी लागली. मग तसल्याच याद्या तीन दिवसांत वाटून म्हटल्या, तेव्हा तेवढाच परिणाम ३८ वेळांत साधला. मेहनत जवळपास निम्मी. मध्ये फक्त झोपा काढल्या आणि थोडं विसरू दिलं.

'खोदंत पाणी, घोकंत विद्या' म्हणणाऱ्यांनी हे सांगितलं नव्हतं की एकाच दिवशी खोदत बसू नका.

दुसरा धागा परीक्षेचा. परीक्षा म्हणजे वजनकाटा, आत किती भरलंय ते मोजणारा, असं आपण धरून चालतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला आणि मग तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं, उतारा पुन्हा न बघता. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. आणि 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल' असं आधीच विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री कुणाला होती? चारदा वाचणाऱ्यांना.

भाचीचा गुलाबी रंग इथे सापडतो. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, डोळे भराभर पुढे जातात, आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो. चाळीत रोज दिसणारा माणूस ओळखीचा असतो, पण नाव विचारलं की अडतं.

वजनकाट्यावर उभं राहून वजन वाढत नाही. मग आठवल्याने स्मृती का वाढावी? रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९२ मध्ये एक मांडणी केली. प्रत्येक आठवणीला दोन वेगळी मापं असतात. एक, ती किती खोल रुजली आहे. दुसरं, ती आत्ता या क्षणी किती सहज हाताला लागते. लहानपणीच्या घराचा पत्ता खोल रुजलेला असतो, पण चटकन सापडत नाही. हॉटेलातल्या खोलीचा नंबर आज जिभेवर असतो आणि परवा नाहीसा होतो. आता खरी मेख: रुजणं किती वाढेल हे त्या क्षणी आठवण किती हाताशी आहे यावर उलट्या प्रमाणात ठरतं. सहज हाताला लागलेली गोष्ट पुन्हा उचलली तर रुजण्यात फार भर पडत नाही. थोडी दूर सरकलेली, धडपडून काढलेली आठवण मात्र खूप खोल जाते. म्हणून विसरणं हा अभ्यासाचा शत्रू नाही, त्यातला एक टप्पा आहे. फार विसरलात तर हाती काहीच लागत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. अगदीच विसरला नसाल तर श्रम वाया. मधली जागा पकडायची.

याला पेशींच्या पातळीवरही आधार आहे. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते प्रामुख्याने अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवरच्या कामासाठी. तिच्या चेतापेशींना सेरोटोनिन या रसायनाचा एक डोस दिला तर त्यांच्यातला जोड काही मिनिटं बळकट होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. तेच अंतराअंतराने पाच डोस दिले तर बळकटी दिवसभराहून जास्त टिकते. का? एका डोसाने जोडाजवळची, आधीच तयार असलेली प्रथिनं तेवढी बदलतात. पुन्हा पुन्हा डोस आले की पीकेए नावाचं विकर पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतं, तिथे क्रेब नावाच्या प्रथिनाला चेतवतं, क्रेब जनुकं चालू करतं, त्यांतून नवी प्रथिनं बनतात आणि पेशी चक्क नवे जोड उगवते. हे बांधकाम आहे, त्याला वेळ लागतो. फळमाशीतही असंच दिसलं. गंध आणि विजेचा झटका यांची सांगड दहा वेळा लागोपाठ घातली तर नव्या प्रथिनांवर उभी राहणारी दीर्घकाळाची स्मृती बनत नाही. दर खेपेनंतर पंधरा मिनिटं विश्रांती दिली तर बनते. गोगलगायीपासून नीटच्या विद्यार्थिनीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही हे मान्य. बियॉर्क यांची दोन मापं म्हणजे नेमकं पेशीत काय, हेही कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. पण स्लॅब ओतल्यावर लगेच दुसरा मजला चढवत नाहीत, हे मिस्त्रीला कळतं तसं माशीच्या मेंदूलाही कळतं.

इथवर आल्यावर हटकून कुणीतरी म्हणतं, 'आपल्याकडे परवचा होता की! पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.' होता. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की आजी आम्हाला भिंतीशी बसवून पाढे म्हणायला लावायची. रोज, पुस्तक न बघता. आठवून म्हणणं आणि रोज थोडं थोडं, हे दोन्ही त्यात आहे. पण त्यात एक खोट होती. कुणी मध्येच 'सतरा नव्वे?' विचारलं की आम्ही मनात 'सतरा एके सतरा' पासून गाडी सोडायचो. आठवणीपर्यंत जायला एकच वाट तयार झालेली. ती उलटसुलट विचारून मोडायला हवी होती. परवचा कुणी तपासून ठरवलेला नव्हता. चांगली सवय आणि सिद्ध झालेली पद्धत यांत हाच फरक असतो.

तंत्रज्ञान यात कुठे येतं? १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञान पत्रकाराने प्रश्नांच्या चिठ्ठ्या कप्प्यांच्या खोक्यात ठेवायची युक्ती सांगितली. १९८० च्या दशकात पोलंडमधल्या प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने आधी कागदावर आणि मग संगणकावर, कुठला प्रश्न किती दिवसांनी पुन्हा विचारायचा याचं गणित बसवलं. २००६ मध्ये हेच गणित वापरणारं 'आन्की' नावाचं ॲप आलं, ते संगणकावर मोफत आहे आणि जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी वापरतात. आपल्या ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे असल्याचं आता बरेच क्लासवाले सांगतात, पण गाभा तोच: आलं तर उशिरा विचार, चुकलं तर लवकर विचार.

भाचीला मी फोनवरचं काही दिलं नाही. तिच्या फोनवर आधीच पुष्कळ आहे. काजूकतलीचा रिकामा खोका घेतला, पुठ्ठ्याने पाच कप्पे पाडले. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता. त्यांच्या पाठकोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, उलट बाजूला, जिथे गणपती नसेल तिथे, उत्तर. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. ही अंतरं काही वेदवाक्य नाहीत. परीक्षा जितकी लांब तितकं अंतर मोठं ठेवलेलं चालतं, आणि थोडं मागेपुढे झाल्याने बिघडत नाही. अट एकच: उत्तर बोलल्याशिवाय किंवा लिहिल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही. 'हां, हे येतंय मला' म्हणून उलटली की पुन्हा गुलाबी रंग सुरू.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तो चिडूनच. "वाचते तेव्हा सगळं येतंय असं वाटतं. या खोक्याने काहीच येत नाही असं वाटतं."

मी तिला त्या ८३ आणि ४० ची गोष्ट सांगितली. तिला ती फारशी पटली नाही, पण खोका चालू ठेवला.

परवा तिने फोटो पाठवला. ग्लोमेरुलस पाचव्या कप्प्यात पोचलाय. मूत्रपिंडातलाच 'हेन्लेचा वळसा' मात्र चौथ्यातून चौथ्यांदा घसरून पहिल्यात आला. चिठ्ठीवर तिने पेनाने बारीक अक्षरात त्याला एक शिवी घातली आहे, आणि खालच्या अर्ध्या भागात 'आपली उपस्थिती हाच आहेर' अजून वाचता येतं.