सामुदायिक भाजीबाग, नागरी

शहरी वस्तीतील पडीक वा सार्वजनिक जागेवर रहिवाशांनी मिळून पिकवलेली भाजीपाल्याची बाग. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार अन्न-असुरक्षिततेवरील (पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न न मिळण्यावरील) उपाय म्हणून केला आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. जर्मन अभ्यासक ती श्लेस्विग भागातील काप्पेल्न येथे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गरिबांना दिलेल्या बागांपर्यंत नेतात. लोकप्रिय लेखनात मान मिळतो तो लाइपझिगचे वैद्य मोरित्स श्रेबर यांना. तो मान्य करणे कठीण आहे, कारण त्यांच्या नावाची संस्था १८६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी स्थापन झाली. तिचा मूळ हेतू मुलांसाठी क्रीडांगण हा होता आणि भाजीचे वाफे नंतर आले. इंग्लंडमध्ये सामायिक जमिनी कुंपणे पडून खाजगी झाल्यावर शेतमजुरांना छोटे तुकडे देण्याची रीत रूढ झाली. १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास असे तुकडे पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. मात्र या रीतीचे मूळ ग्रामीण आहे. शहरातील रिकामी जागा आणि बेकारांची उपासमार यांची थेट सांगड घालणारा सुस्पष्ट आरंभ म्हणून डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांची १८९४ ची बटाटा-लागवड योजना अधिक ग्राह्य वाटते. १८९३ च्या आर्थिक अरिष्टानंतर तेथे पडीक भूखंड बेकार कुटुंबांना कसायला दिले गेले.

दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेतील ताज्या भाज्यांपैकी सुमारे ४० टक्के अशा बागांतून आल्याचा अंदाज वारंवार उद्धृत होतो. त्यात घरोघरच्या परसबागाही मोजलेल्या असल्याने तो जपून वापरावा. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर, १९९० च्या दशकात, क्युबाच्या हवाना शहरात सोव्हिएत पुरवठा थांबल्याने झालेल्या खत व इंधनाच्या टंचाईतून उंच वाफ्यांवरील सेंद्रिय बागा पसरल्या.

शहरी मातीतील मुख्य धोका शिशाचा. जुना रंग व शिसेयुक्त पेट्रोल यांतून आलेले शिसे वरच्या थरात दशकानुदशके टिकते. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या फळांत ते फारसे उतरत नाही. पालेभाज्या व कंदमुळांत धोका जास्त असतो, कारण पानांना व सालीला चिकटलेली माती पोटात जाते. लहान मुलांना तर मातीचे हात तोंडात जाण्यानेच अधिक अपाय संभवतो. म्हणून लागवडीपूर्वी मातीची तपासणी अत्यावश्यक होय. मातीचा सामू (आम्ल-अल्कता दर्शवणारा अंक, पीएच) उदासीन पातळीजवळ राखल्यास आणि फॉस्फेट व कंपोस्ट मिसळल्यास झाडांना शोषता येणाऱ्या शिशाचे प्रमाण घटते, पण शिसे नाहीसे होत नाही. दूषित जागी तळाशी कापडी थर अंथरून वर स्वच्छ मातीचे उंच वाफे करणे अधिक सुरक्षित.

१९९६ च्या जागतिक अन्न शिखर परिषदेने केलेल्या अन्नसुरक्षेच्या व्याख्येत पुरेशा अन्नाबरोबरच सुरक्षित व पोषक अन्नाचाही समावेश आहे. बागेचे खरे योगदान या दुसऱ्या अंगात आहे: भाज्यांतून जीवनसत्त्वे व खनिजे मिळतात, उष्मांक थोडेच. त्यामुळे तिला धान्याचा किंवा उत्पन्नाचा पर्याय मानणे गरजू कुटुंबांवर अन्याय करणारे ठरेल.

जमिनीवरील हक्क हा सर्वांत कच्चा दुवा. लॉस एंजेलिसमधील सुमारे १४ एकरांची साउथ सेंट्रल बाग जमिनीच्या मालकीवरून २००६ मध्ये उठवण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली लिलावाला निघालेल्या शंभरावर बागा विश्वस्त संस्थांनी विकत घेतल्यामुळे वाचल्या. अर्जेंटिनातील रोसारिओ शहराने २००१ च्या आर्थिक संकटानंतर नगरपालिकेच्या कार्यक्रमातूनच पडीक जमीन लागवडीसाठी उपलब्ध करून दिली.